तांदूळ, मतदारयादी आणि माझा मूड

तालुक्याच्या प्रशिक्षणात एका साहेबांनी सांगितलं, "कामाकडे सकारात्मकतेने बघा, काम हलकं होईल." शेजारी बसलेल्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पन्नास किलोचं तांदळाचं पोतं पण?" मला हसू आवरेना. पण शंका रास्त होती.

मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. शिकवण्याच्या जोडीला पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची, म्हणजे शाळेच्या आकडेवारीची ऑनलाइन माहिती आणि बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक काम देता येत नाही. म्हणजे मतदारयादी आमच्या पदरात कायद्यानेच पडलेली. संघटनेच्या निवेदनांवर मी सही करते, पुढेही करीन. काम मन लावून करायचं आणि ते आमच्याच गळ्यात का, हेही विचारायचं. मला तरी यात विसंगती वाटत नाही.

पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत काम थांबत नाही. मग मी एवढंच बघते, की या कामातलं काही माझ्या वर्गाच्या उपयोगाचं आहे का.

तांदळाचंच घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. हजेरी झाली की किती शिजवायचा याचा हिशोब करायचा, साठा नोंदवहीत वजा करायचा, मोबाइलवर संख्या भरायची. हा हिशोब मी चौथीच्या पोरांवर सोपवला. "आज ३७ हजर, तांदूळ किती?" पहिल्याच दिवशी एकाने ठणकावून सांगितलं, "तीन हजार सातशे किलो!" स्वयंपाकाच्या मावशी दारातून म्हणाल्या, "एवढा शिजवायला कोयनेचं धरण आणावं लागंल रं." वर्ग खो खो हसला आणि ग्रॅम-किलोचा फरक सगळ्यांच्या डोक्यात बसला. आता पोरं वजनकाट्यापाशी उभी राहून मावशींचं माप तपासतात. मावशींना ते फारसं आवडत नाही.

मुलांना वाढण्याआधी जेवणाची चव घेऊन नोंद करायची असते. त्या रकान्यात बहुतेक शाळांत 'चांगली' एवढंच दिसेल. मी 'आमटी पातळ, मीठ बेताचं' असं लिहिते. मावशी आधी रुसल्या. आता स्वतःच विचारतात, "बाई, आज काय लिव्हलं?" आणि मटकीची उसळ झाली की उत्तराची वाट बघत तिथेच थांबतात.

बीएलओचं काम मात्र खरं तंगडतोडीचं. चढ चढून घर गाठावं तर कुलूप. यादीतली कितीतरी नावं नवी मुंबईत, घणसोली, कोपरखैरण्याला. कोणी माथाडी, कोणी रिक्षावर. तोंड वाकडं करून दारात उभं राहिलं की लोक आतूनच "हायत सगळे" म्हणतात आणि आपण पुढे जातो. ओट्यावर टेकलं, चहाला हो म्हटलं, की माहिती आपोआप येते. एका चौथीतल्या मुलाचे आईवडील मुंबईला असतात, घरी फक्त आजी असते, हे मला अशाच एका ओट्यावर कळलं. 'घरी अभ्यास घेत चला' असे निरोप मी उगाच पाठवत होते. आता त्याला रोज एक धडा आजीला वाचून दाखवायला सांगते. आजीला वाचता येत नाही, पण अडखळला की ती म्हणे लगेच दटावते, "परत वाच."

दुसऱ्या एका घरी यादीत आई आणि मुलगा यांच्या वयात सहाच वर्षांचं अंतर. म्हातारीने डोळे बारीक केले, "म्हंजी सहाव्या वर्षी पोर झालं म्हणायचं का मला?" सुनेने हसत हसत दुरुस्तीचा नमुना ८ भरला. त्या दिवशी पुढच्या चार घरांचा चढ मला जाणवला नाही, हे खरं आहे.

ऑनलाइन माहिती भरण्यात मात्र मला आजवर गोड काही सापडलेलं नाही, आणि मी शोधतही नाही. शाळेत रेंज नाही, बांधावर जावं लागतं, ओटीपी येईपर्यंत पान बंद होतं. तीच माहिती पुन्हा वेगळ्या तक्त्यात मागवतात. ते मी शिव्या मोजतच करते, लवकर उरकते आणि घरी नेत नाही. प्रत्येक कामावर प्रेम करायला आपण कोणाला बांधील नाही. ज्यात काहीच नाही त्यात मन घातलं, तर जिथे काही आहे तिथल्यासाठी उरत नाही. त्या साहेबांना भेटले तर हेच सांगीन.

सध्या नवमतदारांचे अर्ज गोळा करतेय. वय मोजायला २०२२ पासून १ जानेवारीखेरीज १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्यांना वर्षभर ताटकळावं लागत नाही. परवा नावनोंदणीचा नमुना ६ घेऊन आली ती माझ्याच हाताखाली पहिलीत बाराखडी गिरवलेली मुलगी. अर्ज बिनचूक, अक्षर माझ्याहून सुरेख. फोटो तेवढा मांजराचे कान लावलेला होता. दुसरा आण म्हणून परत पाठवलीय.