काट्यावरचं वजन लॅनवरून

आज एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारी पेटी) आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीवर वजन पाठवतो आणि ती केबल भरवशाने चालते साधारण १५ मीटरपर्यंत. कॉम्प्युटर गेला आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून मधे सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर (सिरियलवरचा डेटा लॅनवर, म्हणजे आवारातल्या नेटवर्कवर, टाकणारा डबा) आणि कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल कॉम पोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला नकली सिरियल पोर्ट.

पिंग मिळतोय (म्हणजे डबा नेटवर्कवर सापडतोय), पोर्ट उघडतोय, पण वजन अर्धं खरं अर्धं खोटं! ०, ३, ५, ६, ९ हे आकडे नीट. १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं. हे दिसलं की पॅरिटीकडे, म्हणजे चूक पकडायला प्रत्येक अक्षराला जोडलेल्या जादा बिटकडे बघायचं. इंडिकेटर ७ बिट, ईव्हन पॅरिटीवर होता आणि कन्व्हर्टर ८ बिट, नो पॅरिटीवर. रॉ टीसीपी मोडमध्ये (नेटवर्कवरून नुसता डेटा जातो, सेटिंग नाही) कॉम्प्युटरवर काहीही सेटिंग करा, ते कन्व्हर्टरपर्यंत पोचतच नाही. कन्व्हर्टरच्या वेबपेजवर जाऊन वेगळं करावं लागतं. दोन्हीकडे आरएफसी २२१७ (सिरियल सेटिंग नेटवर्कवरून पाठवायचं स्टँडर्ड, १९९७ चं आहे, तरी अजून कामाचं) असेल तर सेटिंग आपोआप जातं.

पुढची गंमत म्हणजे विंडोजने पोर्टला नंबर दिला कॉम ११, आणि काट्याचं जुनं सॉफ्टवेअर ९ च्या पुढे ओळखतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून कॉम ४ केला.

कन्व्हर्टरला स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) दिलाय, कीप-अलाइव्हही (कनेक्शन जिवंत आहे का ते अधूनमधून तपासणं) चालू केलंय. लाइट गेली की जुनं कनेक्शन लटकून राहतं आणि असे बरेच डबे एका वेळी एकाच कनेक्शनला दाद देतात.

शेतकरी मात्र बाहेरचा डिस्प्ले आणि पावती दोन्ही ताडून बघत होते. बघायलाच पाहिजे!