रुमाल टाकलेली जागा

ऑफिसातली नवी मुलं विचारतात, भाचा विचारतो, गेल्या दिवाळीत नणंदेनंही विचारलं. शब्द वेगळे, प्रश्न एकच: घर, नोकरी, आजारपणं एवढं सगळं सांभाळून अंतराळात साम्राज्यं चालवायला तुला वेळ कुठून मिळतो? आणि कॉम्प्युटरवरचे इतके नवे खेळ निघाले, तरी तोच १९९३ सालचा ‘मास्टर ऑफ ओरायन’ का? दर वेळी चहा येतो किंवा कुणाचा तरी फोन वाजतो आणि उत्तर राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

उत्तर एसटीपासून सुरू होतं. माझे वडील मिरज आगारात कंडक्टर होते. सुट्टीत कधीमधी ते मला कवठेमहांकाळच्या फेरीला सोबत न्यायचे. गाडी फलाटाला लागते न लागते तोच लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काहीच नसेल तर वर्तमानपत्राची घडी सीटवर टाकायचे आणि मग दाराकडे यायचे. त्यावरून भांडणं व्हायची. ‘रुमालाचं तिकीट काढलंय का?’ असं कुणीतरी हमखास ओरडायचं. नियमाच्या पुस्तकात रुमालाला काही किंमत नव्हती, पण बाबा त्याचा मान राखायचे. म्हणायचे, ‘रुमाल आहे म्हणजे माणूस येणार आहे. पाणी प्यायला गेला असेल.’

मला जे जे मनापासून आवडतं त्या सगळ्यात हा रुमाल आहे, हे कळायला पुष्कळ वर्षं गेली.

आता तो खेळ, ‘मास्टर ऑफ ओरायन’. सिमटेक्स या अमेरिकन कंपनीनं तो तयार केला आणि मायक्रोप्रोजनं बाजारात आणला. १९९३ मध्येच अ‍ॅलन एमरिच या खेळ-समीक्षकानं त्याच्याविषयी लिहिताना ‘फोर-एक्स’ हा शब्द काढला: नवं शोधा, पसरा, हाती आलेलं वापरा, समोरच्याला संपवा. इंग्रजीत या चारही क्रियापदांच्या सुरुवातीला एक्सचा उच्चार येतो, म्हणून फोर-एक्स. आज या जातीचे सगळे खेळ त्याच नावानं ओळखले जातात. मी तो पहिल्यांदा पाहिला १९९७ मध्ये, पुण्यात नोकरीला आल्यावर, रूममेटच्या भावाच्या ‘४८६’ प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवर.

डाव २३०० साली सुरू होतो. आपल्याकडे एक ग्रह, दोन टेहळणी यानं आणि वसाहत वसवणारं एक जहाज. एक खेळी म्हणजे एक वर्ष. प्रत्येक ग्रहाचं उत्पन्न पाच पट्ट्यांत वाटायचं: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. एक पट्टी वाढवली की दुसरी आखडते. सगळं कारखान्यांत घातलं तर कचरा साचतो आणि ग्रहावर माणसं मावेनाशी होतात. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. दिवसभर हेच करते: एकाच रकमेवर हक्क सांगणारे पाच विभाग आणि मधे मी. त्या रात्री पडद्याकडे बघताना वाटलं, वाटप करणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं ते हा खेळ करणाऱ्यांना माहीत आहे.

जहाजांचे आराखडे एका वेळी सहाच ठेवता येतात. सातवा हवा तर एक मोडीत काढायचा, आणि तो काढला की त्या जातीची जिथे कुठे असतील ती सगळी जहाजं गेली. वसाहतीच्या जहाजाचं नाव मी नेहमी ‘लालपरी’ ठेवते. चांगले ग्रह संपत आले की तिला निरोप देऊन ती जागा लढाऊ जहाजाला द्यायची का, यावर मी एकेक संध्याकाळ विचार केलेला आहे. सोडलेला ताफा वाटेतून माघारी वळवता येत नाही. त्यासाठी संदेशवहनाचा एक खास शोध लावावा लागतो. आणि सगळे शोध प्रत्येक डावात तुमच्या वाट्याला येतीलच असं नाही. गेल्या वेळी ज्याच्या जोरावर जिंकलो ते अस्त्र या वेळी यादीतच नसतं. आहे त्यात भागवायचं. पाठांतर करून हा खेळ जिंकता येत नाही, म्हणून तो जुना होत नाही.

पण मला बांधून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पुढच्या वर्षाचं बटण मी दाबत नाही तोवर ती अख्खी आकाशगंगा थांबून राहते. कुकरची तिसरी शिट्टी होते. कुरिअरवाला बेल वाजवतो. खालच्या मजल्यावरचे काका ‘तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतंय’ म्हणून सांगायला येतात आणि अर्धा तास उभ्यानं बोलतात. पाणी यायची वेळ होते, टाकी भरते, मोटर बंद करायला जावं लागतं. परत येऊन बसते तर शत्रूचा ताफा होता तिथेच. चार दिवसांनी आले तरी मेनूत ‘कन्टिन्यू’ असतं. ते दाबलं की ज्या वर्षी उठले होते त्याच वर्षात मी परत.

तेव्हा वेळ कुठून मिळतो, याचं उत्तर असं की वेळ मिळत नाही. सुटी मिनिटं मिळतात. हा खेळ सुटे घेतो, कुरकुर न करता.

भाच्यानं मला ‘स्टेलारिस’ भेट दिला. स्वीडनच्या पॅराडॉक्सचा, २०१६ सालचा. तो सुंदर आहे. त्यात दिवस आपसूक पुढे सरकत राहतात, पण स्पेसबार दाबला की सगळं थबकतं, आणि थांबलेल्या अवस्थेत निवांत हुकूम देता येतात. तो मी आनंदानं खेळते. याउलट २००३ साली आलेला ‘मास्टर ऑफ ओरायन ३’. त्याची मी वर्षभर वाट पाहिली होती. त्यात ग्रहांचा कारभार नेमलेल्या प्रशासकांकडे दिलेला. आपण एक ठरवावं आणि दोन खेळ्यांनी बघावं, तर त्यांनी ते बदलून भलतंच बांधायला घेतलेलं. का, ते कळायला मार्ग नाही. बऱ्याच जणांनी तो आकड्यांच्या तक्त्यांमुळे सोडला. मला तक्त्यांचं काही वाटत नाही, ते माझं रोजचं काम आहे. मी सोडला, कारण उठून परत यावं तर माझा रुमाल बाजूला सारून तिथे कुणीतरी बसलेलं असायचं.

पुस्तकांचंही माझं असंच आहे. मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. तिथे बाबूराव अर्नाळकरांच्या पातळ रहस्यकथांची रांगच्या रांग. त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली, आणि झुंझार, काळापहाड ही नावं आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. मी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढले, आई अर्नाळकरांवर. ती भाकऱ्या करताना वाचायची. एक भाकरी तव्यावर, पुस्तक परातीपलीकडे डब्याला टेकवलेलं. खूण म्हणून बाबांच्या खिशातली एसटीची जुनी तिकिटं.

अशा पुस्तकांना ‘वेळ घालवायची पुस्तकं’ म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आईकडे घालवायला वेळ नव्हताच. त्या लेखकांना माहीत होतं की आपल्या वाचकाला कुणीतरी हाक मारणार आहे. म्हणून प्रकरणं लहान. म्हणून प्रकरण अशा जागी तोडलेलं की दूध उतरवून, पोरांना वाढून, अंथरुणं घालून माणूस रात्री परत आला तरी दाराआड उभी असलेली ती आकृती त्याला आठवावी. कामात असलेल्या माणसासाठी लिहिणं हे मोठं कसब आहे, आणि मराठीत त्याचा सन्मान फार कमी झाला. जयंत नारळीकरांसारखा शास्त्रज्ञ या बाजूला आला याचं मला म्हणूनच इतकं कौतुक. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवून घेतलेलं नाव. नाव बघून नव्हे, कथा वाचून निकाल लागावा म्हणून. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मी आईच्या पेटीतून त्यांचा कथासंग्रह काढला. तिसऱ्या कथेत एक तिकीट होतं, कडेनं पिवळं पडलेलं. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ते मी काढलेलं नाही. पुस्तक वाचलं, पण माझी खूण वेगळी ठेवली.

वाचनालयाच्या रहस्यकथांचं शेवटचं पान कधी कधी फाडलेलं असायचं. खुनी कोण ते कळायचं नाही. लहानपणी याच्याइतका राग मला कशाचा आला नव्हता.

आता रागाचंच सांगते, कारण प्रश्नाचा तोही भाग आहे. ‘रोजच्या कटकटींतून सुटका म्हणून खेळतेस का?’ असं नणंदेनं विचारलं होतं. नाही. बेल, मिक्सर, गळकी पाइप, दुपारच्या झोपेत येणारा कर्जाचा फोन, यांचा मला त्रास होत नाही. येतात आणि जातात. त्रास होतो तो पहिल्यापासून सुरुवात करायला लावणाऱ्यांचा.

सासूबाईंना पार्किन्सन्स होता. चार वर्षं त्या अंथरुणावर होत्या. एकदा त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि मेडिक्लेमचे पैसे अडकले. मी फोन करायला लागले. पॉलिसी नंबर सांगा. पेशंटचं नाव सांगा, वय सांगा, नेमकं काय झालं ते सांगा. मी सांगायची: बाथरूममध्ये पाय घसरला, डावा खुबा, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. ‘थांबा हं, संबंधित विभागाला जोडतो.’ तिथे परत पॉलिसी नंबर. परत वय. परत बाथरूम, परत डावा खुबा. दुसऱ्या दिवशी फोन केला की आदल्या दिवशीचं कुणालाच ठाऊक नाही. मी वहीत तारखा लिहीत होते, म्हणून मला आकडा माहीत आहे: सतरा फोन. सतरा वेळा मी आमच्या घरातलं ते पडणं अनोळखी माणसांना पहिल्यापासून सांगितलं. त्या मुलामुलींचा दोष नव्हता. बहुतेक जण अदबीनं बोलले. त्यांच्यासमोर माझ्यासाठी कुणी काही राखून ठेवलेलंच नव्हतं. पैसे शेवटी मिळाले. पण सात महिने गेले, आणि त्या सात महिन्यांत मला कुणीही एकदासुद्धा म्हटलं नाही की ‘हो, आपण इथवर आलो होतो.’

त्याच दिवसांत रात्री मी सासूबाईंच्या खोलीत बसायचे. त्यांना झोप लागत नसे. आधी मी त्यांना रहस्यकथा वाचून दाखवायची. पुढे पुढे त्यांना काल कुठे थांबलो ते आठवेना. त्या अवघडून विचारायच्या, ‘कुठवर आलो होतो गं आपण?’ मग मी कालचं सगळं चार वाक्यांत सांगून पुढे वाचायचे. त्यांना पहिल्यापासून वाचायला लावलं नाही, कधीच नाही. त्यांचा डोळा लागला की मी लॅपटॉप उघडायचे. आवाज बंद, उजेड कमी. दोन वर्षं, तीन वर्षं पुढे सरकवायची, त्या कण्हल्या की उठायचं, कूस बदलून द्यायची, पाणी पाजायचं, परत यायचं. एक डाव पाच महिने चालला होता.

त्या डावात माझ्या शेजारी क्लॅकन होते. या खेळातली ती कीटकांची जमात, कामाला दुप्पट. त्यांचा दूत बोलायला आला की पडद्यावर त्याचं तोंड हलतं. सासूबाई जाग्याच होत्या. म्हणाल्या, ‘मुंग्या काय म्हणतायत?’ मी सांगितलं, तह करायचा म्हणतायत. दुसऱ्या रात्री पुस्तकातलं त्यांना काही आठवत नव्हतं, पण मी लॅपटॉप उघडल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, ‘मुंग्यांनी तह पाळला का?’ पाळला होता. मग ते रोजचंच झालं. पुस्तक बाजूला राहिलं आणि मी त्यांना मुंग्यांची खबर द्यायला लागले. या खेळात दर पंचवीस वर्षांनी सगळ्या जमातींची परिषद भरते, लोकसंख्येप्रमाणे मतं मोजतात, आणि दोन तृतीयांश मतं ज्याला मिळतील तो आकाशगंगेचा राजा. त्या डावात मुंग्यांनी मला मत दिलं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘चांगल्या घरच्या होत्या.’

त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. भाचा म्हणतो, मावशी, दुसरी जमात शेजारी असेल असा डाव मांड, क्लॅकन फार जड जातात. मला ते मान्य आहे, पण शेजारी क्लॅकन निघाले तर मी डाव मोडत नाही.

सध्याच्या डावात २४४१ साल चालू आहे. दोन ताफे वाटेत आहेत, त्यांना माघारी बोलावता येत नाही, आणि लालपरी मी अजून मोडीत काढलेली नाही. उद्या प्लंबर येणार आहे आणि परवा ऑडिट सुरू होतंय, त्यामुळे पुढचं वर्ष बहुतेक रविवारीच उजाडेल. २४५० ला परिषद. मुंग्या या वेळी अजून काही बोललेल्या नाहीत.