तांदा, ४०१(के) आणि पुएब्लाची आजी
आज ह्यूस्टनच्या आमच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या एका मुलीबरोबर निवृत्तीच्या ४०१(के) योजनेचा अर्ज भरायला बसलो होतो. तिचे आईवडील मेक्सिकोहून आलेले. पगारातून आपण काही टक्के घातले की आमची कंपनीही भर घालते, हे तिला घरी सांगणारे कुणी नव्हते. घरचा व्यवहार चालतो तो ‘तांदा’वर, म्हणजे आपल्या भिशीवर: दहा जणांनी दर आठवड्याला शंभर डॉलर काढायचे आणि पाळीपाळीने एकाने हजार उचलायचे. हप्ता चुकला तर अब्रू जाते, पण वर्षानुवर्षांच्या या चोख व्यवहाराची क्रेडिट स्कोअरमध्ये सहसा नोंदच होत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. तिने तूर्त तीन टक्क्यांवर खूण केली. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या आजीला दरमहा जाणाऱ्या पैशांना हात लावायला मात्र ती अजिबात तयार नव्हती.