तीनदा माघारी आलेलं विंडोज

१४ जानेवारी २०२०. भोगीचा दिवस. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करते तोच प्रेसवाले काका रिक्षातून उतरले. दोन्ही हातांत कॅबिनेट धरलेलं, वायरी खाली लोंबत होत्या.

"पोरी, एवढं बघ बाई. आजपासून विंडोज सेव्हन संपलं म्हणतात, म्हणून पोराने टेन टाकायला घेतलं. तीनदा टाकलं, तिन्ही वेळा माघारी आलं. उद्या संक्रांत, आणि परवा दोनशे पत्रिका द्यायच्यात."

सेव्हन त्या दिवशी बंद पडणार नव्हतं. मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे अपडेट येणं थांबणार होतं. पण काकांकडे रोज दहा जण पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्यामुळे त्यांची काळजी रास्तच होती.

कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, ३२ बिटचं विंडोज. एवढ्यावर टेन हळू का होईना, चालतं. म्हणून 'मशीन जुनं झालं' हे कारण मला पटेना. दुसऱ्या एका दुकानात त्यांना फॉर्मॅट मारायला सांगितलं होतं. काकांनी ते ऐकलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

कारण त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर दहा-अकरा वर्षांपूर्वीचं. सीडी कधीच हरवलेली, आणि त्याची किल्ली म्हणजे मागच्या यूएसबीत खोचलेला डोंगल. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्याच ठरलेल्या, जागी नसतात. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असतात. तो फॉन्ट गेला की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दहा वर्षांच्या पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, शाळेच्या स्मरणिका, सगळं त्या फॉन्टच्या भरवशावर. फॉर्मॅटआधी फायली बाजूला काढून ठेवल्या असत्या तरी त्या उघडून वाचता आल्या नसत्या.

म्हणून आधी डिस्क काढून माझ्या मशीनला लावली. खराब सेक्टर नव्हते. फायली, फॉन्टचं फोल्डर, सॉफ्टवेअरचं फोल्डर, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं आणि वर पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रतही घेतली. यात सकाळ गेली, पण त्याशिवाय मी पुढे हातच लावला नसता.

परत जोडून चालू केलं तर तारीख १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल मेला होता. तो बदलला.

मग चौथ्यांदा सेटअप चालवायच्या आधी तीन वेळा काय झालं ते वाचायला बसले. विंडोज माघारी फिरताना, म्हणजे नवं बसवणं सोडून जुन्यावर परतताना, एक कोड सोडून जातं. इथे होता सी१९००१०१, आणि पुढे ३००१८. पहिला भाग आला की संशय बहुतेक वेळा ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला एखादं उपकरण चालवायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, जातो. दुसरा भाग सांगतो की गाडी कुठे अडली: नवी सिस्टीम पहिल्यांदा सुरू होऊन उपकरणं बसवत असताना. म्हणजे फायली नीट उतरल्या होत्या, रीस्टार्ट झालं होतं. जागा, रॅम, पेनड्राइव्ह, सगळे निर्दोष. कुठलातरी एक ड्रायव्हर सेटअपला उत्तर देत नव्हता.

ड्रायव्हर बसवण्याच्या नोंदींची फाईल उघडून थेट तळाशी गेले. शेवटची नोंद डोंगलच्या ड्रायव्हरची. त्यानंतर काहीच नाही. आधीच्या प्रयत्नाच्या नोंदी शाबूत होत्या, तिथेही तेच.

"काका, टेन टाकताना डोंगल काढला होता?"

"तो कशाला काढू? तो काढला की मराठी बंद होतं ना."

त्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने अगदी बरोबर होतं. आणि नुसता डोंगल उपसून भागलंही नसतं. कंट्रोल पॅनलमधून ड्रायव्हर काढल्यावर मी कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिल या विंडोजच्याच आज्ञेने साठवलेल्या ड्रायव्हरांची यादी काढली, तर त्याच ड्रायव्हरच्या आणखी दोन जुन्या आवृत्त्या आत दडून बसलेल्या. त्या दोन्ही काढल्या. अँटिव्हायरस काढला, प्रिंटरची वायर काढली. कीबोर्ड, माउस, मॉनिटर एवढंच ठेवलं आणि सेटअप लावला.

काका जेवायला घरी गेले नाहीत. काकूंनी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी दुकानातच पाठवली, माझ्यासाठीसुद्धा. जेवताना दोघांची नजर टक्क्यांवर. ७५ च्या आसपास पूर्वी तीनदा माघार झाली होती, असं त्यांचा मुलगा म्हणाला होता. तिथे आकडा बराच वेळ हलेना. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत होता, म्हणून मी हात लावला नाही. मग ७६ झाले.

साडेचारला टेन सुरू झालं. डोंगल बनवणाऱ्यांनी टेनसाठी दिलेला नवा ड्रायव्हर आधी बसवला, मगच डोंगल लावला. हा क्रम उलटा झाला की विंडोज आपल्या मनाने भलताच ड्रायव्हर शोधत बसतं.

परवाची पत्रिका उघडली. काका चष्मा लावून, पडद्यावर बोट फिरवत 'श्री गणेशाय नमः'पासून वाचू लागले. श्र नीट, रफार नीट, पाय मोडलेला त नीट. अगदी खालच्या आप्तेष्टांच्या नावांपर्यंत त्यांनी मोठ्याने वाचलं.

तोवर मी एका पांढऱ्या पट्टीवर नव्या ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक आणि 'आधी डोंगल काढा' एवढं लिहून कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलं.