गजकर्ण आणि सकाळचे कॉर्टिसॉल

पावसाळ्यात त्वचारोगाच्या ओपीडीत गजकर्णाचे रुग्ण इतके येतात की निदानाला वेळ लागत नाही. पण पन्नाशीच्या त्या बाईंच्या मांड्यांवरचे चट्टे गजकर्णासारखे दिसतच नव्हते. कडा पुसट, त्वचा कागदासारखी पातळ आणि जांघेत जांभळट रुंद पट्टे. चट्ट्याचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मात्र बुरशीचे फाटे फुटलेले तंतू दाटीने पसरलेले दिसले.

“ताई, काय लावता?”

“मेडिकलमधून ट्यूब आणते. संपली की खाज दुप्पट, आणि अंगातलं बळच जातं, मळमळतं.”

ट्यूबमध्ये बुरशीनाशकासोबत क्लोबेटासॉल होते. हे अतितीव्र स्टेरॉइड सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये, आणि त्या तर कित्येक महिने मांड्या, पोट, पाठ माखत होत्या. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आली, तरी ती चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात, याची मला मनापासून चीड येते.

खाजेपेक्षा मला त्या मळमळीची काळजी वाटली, म्हणून सकाळी आठचे कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड संप्रेरक) आणि साखर तपासायला पाठवली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ८.१ टक्के आला आणि कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे अवघे १.४ मायक्रोग्रॅम. चेहरा गोल, साखर वाढलेली, म्हणजे शरीरात स्टेरॉइड भरपूर; मग कॉर्टिसॉल इतके कमी कसे, असे आमच्या निवासी डॉक्टरने विचारले. त्वचेतून रक्तात उतरलेले क्लोबेटासॉल कॉर्टिसॉलचेच काम करते, त्यामुळे मेंदूतली पीयूष ग्रंथी एसीटीएच हे संदेश देणारे संप्रेरक सोडणे कमी करते आणि कॉर्टिसॉल बनवणारी, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी जणू झोपी जाते. कॉर्टिसॉलच्या चाचणीत मात्र हे बाहेरचे स्टेरॉइड सहसा मोजले जात नाही. अशा वेळी मलम एकदम बंद केले, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते.

म्हणून अंतःस्रावतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि मगच ट्यूब थांबवली. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल टाळले, कारण ते यकृतातले सीवायपी३ए४ हे एन्झाइम अडवते आणि स्टेरॉइड शरीरात अधिक काळ रेंगाळते. त्याऐवजी टर्बिनाफिन दिले. घरातल्या सगळ्यांना तपासले, कारण एकालाही वगळले तर संसर्ग फिरून येतो.

काही महिन्यांनी कॉर्टिसॉल ११ वर आले, तेव्हा हायड्रोकॉर्टिसोन हळूहळू बंद केले. चट्टे गेले. जांघेतले पट्टे फिकट झाले, पण ते पूर्ण जाणार नाहीत, हे बाईंना स्पष्ट सांगितले. मधुमेहाची गोळी अजून चालू आहे, मात्रा निम्म्यावर आली आहे.