जेलमधली रुई

एकाच कव्हरस्लिपवर, म्हणजे काचेच्या पातळ चकतीवर, डावीकडच्या पेशी गोल गोळ्यासारख्या आणि उजवीकडच्या ऐसपैस पसरलेल्या. चष्मा पुसून परत पाहिलं. तेच.

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या वाटेवर आमचं कॉलेज आहे. मागच्या दोन खोल्यांत आमची लॅब. तिथे आम्ही पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलवर उंदराचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीतल्या पेशी, वाढवतो. नेहमीच्या प्लास्टिकच्या डिशमध्येही ते छान वाढतात, पण शरीरात पेशीखाली प्लास्टिक थोडंच असतं! मेंदूचा ताठरपणा साधारण १ किलोपास्कल किंवा त्याहून कमी, स्नायूचा १० च्या आसपास, आणि काचेचा जवळपास ७ कोटी. जेलचं बरं असतं. त्यातल्या साखळ्या एकमेकींना जोडणारं बिसअ‍ॅक्रिलामाइड वाढवलं की जाळी घट्ट होते, जेल ताठ होतं, बाकी रसायन तेच. पेलहॅम आणि वँग यांनी १९९७ मध्ये या जेलवर दाखवून दिलं की खालचा पृष्ठभाग मऊ की ताठ, यावर पेशीचं वागणं बदलतं. २००६ मध्ये एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली: मूळ पेशी (स्टेम सेल) मऊ जेलवर चेतापेशींच्या वळणावर जातात, मध्यम जेलवर स्नायूच्या आणि ताठ जेलवर हाडाच्या.

त्या दिवशीचं जेल १ किलोपास्कलचं, म्हणजे मऊ. सगळ्या पेशी गोल दिसायला हव्या होत्या.

पहिला संशय कोलॅजन या प्रथिनावर. जेलला पेशी आपणहून चिकटत नाहीत, म्हणून वर कोलॅजन चढवावं लागतं. ते डावीकडे कमी बसलं असेल का? पण तिथेही पेशी तेवढ्याच दाट चिकटल्या होत्या. मग वाटलं, उजवीकडचं जेल सुटून आलं आणि पेशी उघड्या काचेवर बसल्या. तसं असतं तर मध्ये कुठेतरी फाटलेली कड दिसली असती. इथे तर बदल हळूहळू होता. मधल्या पेशींनी थोडे थोडे पाय काढले होते, उजवीकडे सरकावं तशा त्या आणखी लांबट.

शेवटी फोकसचं बटण कामी आलं. पेशीवर फोकस करायचा, मग खाली काचेवर, आणि बटणावरच्या रेषा मोजायच्या. डावीकडे बटण फिरवतच राहावं लागलं, जवळपास ८० मायक्रोमीटर. उजव्या कडेला हात लावला न लावला तोच काच आली. जेमतेम ४-५. म्हणजे जेल पाचरीसारखं तिरपं बसलं होतं.

ते का, ते अगदी डाव्या टोकाला सापडलं. चपट्या, पीळ पडलेल्या फितींचा एक गुंता. आमचे अटेंडंट भाऊ कधीकाळी जिनिंगमध्ये होते. त्यांनी डोळा लावला आणि लगेच म्हणाले, "हे त रुई होय जी मॅडम."

रुईच होती! हंगामात आमच्याकडे ती कुठे नसते? पलीकडची जिनिंग सुरू झाली की खिडकीच्या जाळीवर पांढरी लव चढते. जेल ओतायचं टेबल बाहेरच्या खोलीत. थेंबावर वरची काच ठेवताना एका बाजूला पुंजका अडकला आणि ती बाजू उचलली गेली.

भाऊ तिथून हलेनात. "पण पेशी त जेलवरच बसून हाय. खाली काच हाय हे तिले कसं समजलं?"

या एका प्रश्नासाठी मी त्यांना चहा पाजला. पेशी नुसती बसत नाही. इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी ती खालचा पृष्ठभाग धरते आणि आतल्या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांच्या, म्हणजे अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या जोरावर तो ओढून पाहते. जाड मऊ जेल ओढलं की सरकतं, पेशीला जोर लावायला काही मिळत नाही, ती गोल राहते. पातळ जेलला खालून काचेनं धरून ठेवलेलं असतं. ते सरकत नाही, म्हणून पेशीला वाटतं की आपण ताठ जागी आहोत.

"म्हंजे सतरंजीवर निजलं का फरशी लागते तसं."

जवळपास तसंच. फक्त फरशी आपल्याला आपल्या वजनानं लागते. पेशीचं वजन नगण्य. ती आडवी ओढते, आणि काही मायक्रोमीटर खोलवरचं तिला कळतं. मायोसिन ब्लेबिस्टॅटिन या रसायनानं बंद केलं, तर मऊ आणि ताठ यातला फरक तिला ओळखताच येत नाही.

नागपूरहून सरांचा फोन आला तेव्हा सांगितलं. "ती स्लिप मोजणीत घेऊ नकोस," एवढंच म्हणाले. बरोबरच होतं. दूषित नमुना तो दूषितच, कितीही देखणा असला तरी.

पुढच्या आठवड्यात एका कडेखाली काचेचा बारीक तुकडा ठेवून तसंच तिरपं जेल मी मुद्दाम ओतलं. पेशींनी तोच नकाशा काढला. एम.एस्सी.ची मुलं नवीन आली की आता आधी ती स्लिप मायक्रोस्कोपखाली लावते, आणि भाऊंचा प्रश्न माझा म्हणून विचारते. टेबल मात्र आतल्या खोलीत हलवलंय.