वजन तेच, रेणू वेगळा

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये माझ्या हातात एक १,६-एनाइन होतं. मॅलोनेट एस्टरच्या मधल्या कार्बनवर एकीकडे ॲलिल (दुहेरी बंध असलेली शेपटी), दुसरीकडे प्रोपार्जिल (तिहेरी बंध असलेली). म्हणजे एकाच साखळीत दुहेरी बंधही आणि तिहेरीही. २१० मिलिग्रॅम एनाइन, उत्प्रेरक म्हणून १३ मिलिग्रॅम प्लॅटिनम डायक्लोराइड, द्रावक टोल्यूइन, ८० अंश सेल्सिअस. रिॲक्शन लावायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

तरी ती मी दोनदा टाकून दिली होती. टीएलसी प्लेट (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करणारी) परमँगनेटमध्ये बुडवली की जुना ठिपका आणि नवा ठिपका शेजारी शेजारी, एकाच उंचीवर, दोन्ही पिवळे. रेणूचं वजन सांगणाऱ्या एलसी-एमएसमध्ये सोडियमसकट २३३, सुरुवातीच्या एनाइनचंही २३३. 'काहीच झालं नाही' असं वहीत दोन्ही वेळा लिहिलं.

तिसऱ्या वेळी बुडवण्याआधी प्लेट सहज यूव्ही दिव्याखाली धरली. एनाइन तिथे दिसत नाही. रिॲक्शनच्या रांगेत मात्र पुसटशी काळी सावली होती. दोन दुहेरी बंध एकाआड एक आले की अशी सावली पडते. माझ्या पोटात गोळाच आला. सेलाइट पावडरीमधून गाळलं, रोटाव्हेपरवर टोल्यूइन उडवून काढलं आणि क्रूड, म्हणजे शुद्ध न केलेलं मिश्रण, तसंच एनएमआरला दिलं. रेणूतला प्रत्येक हायड्रोजन कुठे आहे ते हे यंत्र सांगतं.

स्पेक्ट्रम उघडला तर पट्टीवर २ पीपीएमजवळचा तिहेरी बंधाच्या टोकाचा प्रोटॉन (हायड्रोजन) गायब. ६.५ च्या आसपास नवा डबल डब्लेट (चार रेषांचा सिग्नल), १७ आणि १० हर्ट्झचा: नुसत्या साखळीत न बसणारा, डायीनमधला (एकाआड एक दोन दुहेरी बंधांतला) व्हायनिल, म्हणजे टोकाचा सीएच=सीएच-टू गट. ५.६ ला पाचकोनी कड्यातला एकटा प्रोटॉन. अणू एकही आला नव्हता, एकही गेला नव्हता, म्हणून वजन हललं नव्हतं. साखळीचं व्हायनिलसायक्लोपेंटीन, म्हणजे व्हायनिल लागलेलं पाचकोनी कडं, झालं होतं.

प्लॅटिनम इथे तिहेरी बंधाला धरतं आणि त्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं. बंध इलेक्ट्रॉनांना भुकेला होतो, तेवढ्यात शेजारचा दुहेरी बंध त्याच्यावर येतो. मधे सायक्लोप्रोपेन (तीन कार्बनांचं कडं) असलेलं प्लॅटिनम कार्बीन, म्हणजे प्लॅटिनमला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन, तयार होतं. ते छोटं कडं ताणलेलं असतं, ते मोडतं आणि जुन्या दुहेरी बंधाच्या टोकाचा सीएच-टू आपल्या जोडीदाराला सोडून तिहेरी बंधाच्या टोकाला जाऊन चिकटतो. प्लॅटिनम सुटून पुढच्या रेणूकडे. कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध असा तुटू शकतो, हे पुस्तकात वाचणं आणि स्वतःच्या फ्लास्कमध्ये पाहणं यात मला फार अंतर वाटलं. १९९४ मध्ये ओसाकात रसायनशास्त्रज्ञ मुराई यांच्या गटाने हीच उलथापालथ रुथेनियमने घडवली होती, १९९६ मध्ये प्लॅटिनमने. ते पेपर त्या संध्याकाळी पुन्हा वाचले, या वेळी शब्दन्‌शब्द.

सरांना स्पेक्ट्रम दाखवला. ते बराच वेळ ६.५ च्या सिग्नलवर बोट ठेवून होते. मग विचारलं, "सीएच-टूच फिरला हे कशावरून? तिहेरी बंधाचे दोन्ही कार्बन एकमेकांपासून सुटले नसतील कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण ते कुठे सापडेल हे माहीत होतं. तिहेरी बंधाच्या टोकाच्या हायड्रोजनजागी ड्यूटेरियम घालायचं, म्हणजे या एनएमआरला न दिसणारा जड हायड्रोजन. सर म्हणतात तसं नसेल, नुसता सीएच-टूच फिरला असेल, तर ड्यूटेरियम व्हायनिलच्या आतल्या कार्बनवर येईल आणि हाच ६.५ चा सिग्नल नाहीसा होईल.

रात्री निघताना फ्रीजमधली एनाइनची शेवटची कुपी बाहेर काढली, पोटॅशियम कार्बोनेट ओव्हनमध्ये वाळत ठेवलं आणि जड पाण्याची बाटली माझ्या हूडमध्ये पुढे सरकवून ठेवली.